लष्करी बांधकामाची पर्यावरण मंजुरी : नव्याने रुजू झालेल्यांसाठी

मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एमईएसमध्ये, नव्याने आलेल्या ज्युनियर इंजिनियरला आधी अंदाजपत्रक शिकवतात, मग टेंडर, मग मोजमाप. पर्यावरण मंजुरीचा विषय निघतो तो टेंडर सुटायच्या आठवड्यात. कुणीतरी फाईलवर शेरा मारतं, ‘ईसी (पर्यावरण मंजुरी) घेतली आहे काय?’ आणि मग सगळ्या ऑफिसची धावपळ सुरू होते. हा लेख त्या शेऱ्याच्या दोन वर्षं आधीपासून काय करायचं ते सांगण्यासाठी आहे. सल्लागार आणि ठेकेदारांकडे काम करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत घाटमाथ्याजवळच्या एका ठाण्यात क्वार्टर्सची जागा ठरवायला साइटिंग बोर्ड बसलं होतं. एप्रिल महिना, सपाट माळ, चुन्याच्या रेषा मारून झालेल्या. शेजारच्या वाडीतला एक म्हातारा गुराखी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सायेब, पावसात हितनं वढा जातो." मी मान हलवली आणि पुढे गेलो. जुलैत दोन ब्लॉकचे पाये पाण्याखाली गेले. आराखडा बदलला, मोरी बांधावी लागली, सुधारित प्रशासकीय मंजुरीत वर्ष गेलं, आणि वाडीच्या खालच्या बाजूची दोन भातखाचरं गाळाने भरली ती वेगळीच. बोर्डाच्या कार्यवाहीत त्या म्हाताऱ्याचं वाक्य कुठेच नव्हतं. ते लिहून घेणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. जागा पक्की होण्याआधी जे विचारलं जातं तोच खरा पर्यावरण आढावा. जागा पक्की झाल्यावर उरतात ती कागदपत्रं.

पहिली पायरी : जमीन कोणाची, यापेक्षा जमीन कोणती

आपल्याकडे संरक्षण खात्याची सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरकडच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये किंवा मिलिटरी लँड रजिस्टरमध्ये तुमचा सर्व्हे नंबर ‘ए-वन’, म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन, म्हणून दिसला की बहुतेकांना वाटतं, विषय संपला. इथेच पहिली चूक होते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं की ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घ्यायचा आणि जमिनीची मालकी कुणाचीही असली तरी १९८० चा वन संवर्धन कायदा तिला लागू. म्हणजे कुंपण लष्कराचं असलं तरी आतलं जंगल हे जंगलच.

म्हणून साइटिंग बोर्डाच्या आधी चार कागद टेबलावर हवेत: लँड रजिस्टरचा उतारा, सातबारा, जुना गावनकाशा आणि उपवनसंरक्षकांचं लेखी मत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘खासगी वन’ अशी नोंद आहे का, ते डोळ्यांत तेल घालून पाहा. कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ही नोंद अनेकांना महागात पडली आहे.

विदर्भात काम करत असाल तर आणखी एक शब्द लक्षात ठेवा, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली कागदांवर पिढ्यान्पिढ्या ही नोंद चालत आली. ती जमीन वन की महसुली, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचं असा निकाल दिला. १९९६ च्या आधीच्या वाटपांना त्यात वेगळी वागणूक आहे. कामठी किंवा पुलगावच्या परिसरात नवं बांधकाम योजणाऱ्याने हा निकाल समोर ठेवूनच नकाशा उघडावा.

वन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘आता लष्कराला वनमंजुरी लागत नाही’ असं सर्रास ऐकू येतं. तसं नाही. दुरुस्तीने तीन ठरावीक सवलती दिल्या. आंतरराष्ट्रीय सीमा, एलओसी (नियंत्रण रेषा) किंवा एलएसी (प्रत्यक्ष नियंत्रण रेषा) यांपासून १०० किलोमीटरच्या आतले राष्ट्रीय महत्त्वाचे रेषीय, म्हणजे रस्त्यासारखे लांबलचक, प्रकल्प ही पहिली. सुरक्षाविषयक पायाभूत बांधकामासाठी १० हेक्टरपर्यंतची जमीन ही दुसरी. आणि नक्षलग्रस्त म्हणून ठरवलेल्या भागात संरक्षणाशी संबंधित काम, निमलष्करी दलाचा तळ किंवा लोकोपयोगी प्रकल्प यांसाठी ५ हेक्टरपर्यंत ही तिसरी. या सवलतींनाही झाडांच्या बदल्यात झाडं लावण्यासारख्या अटी आहेत. पहिली सवलत महाराष्ट्रात कुठेच बसत नाही. दुसरीत ‘क्वार्टर्स’ बसतात असं गृहीत धरू नका. वरून लेखी खुलासा मागवा. शिवाय या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान आहे. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यांची वन-यादी पूर्ण होईपर्यंत १९९६ चीच व्याख्या चालू ठेवली, आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी भरपाईची जमीन दिल्याशिवाय वनक्षेत्र घटवू नका असंही बजावलं.

सवलतीत न बसणाऱ्या कामाला वनमंजुरी दोन टप्प्यांत मिळते. आधी तत्त्वतः, मग अटी पुऱ्या केल्यावर अंतिम. मधल्या काळात भरपाई वनीकरणाची जमीन आणि वनाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची (म्हणजे जाणाऱ्या जंगलाच्या पैशात काढलेल्या किमतीची) रक्कम द्यावी लागते. हा मधला काळ महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. तो बार चार्टवर दाखवा.

दुसरी पायरी : काम कोणत्या रकान्यात बसतं

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना ही तुमची रोजची पोथी. तिच्या परिशिष्टात कामांची यादी आहे. बरॅक, क्वार्टर्स, मेस, हॉस्पिटल, ऑफिस असं सगळं आठव्या नोंदीत येतं. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, पण १,५०,००० पेक्षा कमी असेल तर ‘आठ-ए’. दीड लाख चौरस मीटर गाठलं किंवा भूखंड ५० हेक्टरचा झाला की ‘आठ-बी’. आठ-एला फॉर्म आणि संकल्पनात्मक आराखड्यावर छाननी होते, आठ-बीला पूर्ण पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल लागतो.

२०,००० हा आकडा मोठा वाटतो, पण तो पटकन भरतो. जिना, लॉबी, पार्किंग धरून एका क्वार्टरला १०० चौरस मीटर धरा. २०० क्वार्टर्स झाले की रेषा ओलांडली. शिवाय बांधकाम क्षेत्र म्हणजे सगळ्या मजल्यांची बेरीज, तळघर आणि सेवा-जागांसकट. नगररचनेतला एफएसआय (चटई निर्देशांक) इथे चालत नाही. नवी मुलं हमखास तिथेच फसतात, म्हणून बेरीज स्वतः दोनदा करा.

मग कुणीतरी सुचवतं, १२० क्वार्टर्स या वर्षी दाखवू, १२० पुढच्या वर्षी. करू नका. एकाच झोनल प्लॅनमधली, एकाच रस्त्यावरची, एकाच सांडपाणी वाहिनीला जोडलेली कामं हा एकच प्रकल्प असतो. उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सुमारे ९०० किलोमीटरचं काम १०० किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या ५३ तुकड्यांत दाखवल्यामुळे एकत्रित मूल्यांकन झालंच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, समिती नेमली गेली. १४ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांची संरक्षणासाठीची गरज मान्य करून दुपदरी रुंदीला परवानगी दिली. गरज खरी होती, ती न्यायालयाने मान्यही केली. पण डोंगर एकसंध असतो आणि दरड तुकड्यांचा हिशेब ठेवत नाही. आधी एकत्र अभ्यास झाला असता तर उतार कुठे कापायचा नाही हे कामाआधी कळलं असतं.

इतर कामांबद्दल थोडक्यात. धावपट्टीची नोंद व्यावसायिक वापराच्या विमानतळांसाठी आहे, त्यामुळे निव्वळ लष्करी धावपट्टी तिथे येत नाही. मात्र नागरी टर्मिनल जोडलं की येते. बंदर, लाटरोधक भिंत, गाळ काढणं यांची नोंद वेगळी. सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या संरक्षणविषयक महामार्गांना १४ जुलै २०२२ च्या दुरुस्तीने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या अटीवर सूट मिळाली.

जनसुनावणी नसते, म्हणून

२००६ च्या अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. इमारत बांधकामांना तशीही ती लागत नाही. कारण समजण्यासारखं आहे. दारूगोळ्याचं कोठार कुठे असणार, याची चर्चा गावच्या मंडपात होऊ शकत नाही.

पण जनसुनावणीत लोक जे सांगतात ते तर कुणीतरी सांगायलाच हवं ना? ओढा कुठून येतो, गुरं कुठल्या वाटेने पाण्यावर जातात, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, देवराई कुठे आहे. हे कुठल्याच उपग्रह नकाशावर नाही. म्हणून तुम्हीच जा. प्रकल्पाचं नाव न काढता सरपंच, पोलीस पाटील, गुराखी, जुना माळी यांच्याशी बोला. एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा एप्रिल-मेमध्ये जागा पायी फिरा. आणि जे ऐकलं ते तारखेसह बोर्डाच्या कार्यवाहीला जोडा. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, तरी माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत हीच मोलाची.

तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातल्या दामगुंडमच्या जंगलात नौदलाचं अतिकमी वारंवारितेचं रेडिओ केंद्र होत आहे. पाणबुड्यांशी संपर्कासाठी देशातलं हे दुसरं. पहिलं १९९० पासून तमिळनाडूत तिरुनेलवेलीला आयएनएस कट्टबोम्मन इथे आहे. सुमारे २,९०० एकर वनजमीन, १५ ऑक्टोबर २०२४ ला पायाभरणी. मंजुऱ्या असूनही मुसी नदीच्या उगमाकडच्या टेकड्यांचं काय होणार म्हणून हैदराबादपर्यंत लोक बोलत राहिले, कोर्टात गेले. कागद पुरे असले तरी माणसांचे प्रश्न उरतात. त्यांची उत्तरं तयार ठेवणं हेही नियोजनच.

किनाऱ्यावर काम असेल तर

कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्यात सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, हा वेगळा अभ्यास आहे. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना झाल्या. तुमच्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा कोणत्या अधिसूचनेखाली मंजूर आहे, हे आधी विचारा, कारण अंतरं बदलतात. समुद्राला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा धरतात. खाडीकाठी २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं कमी ते होतं, २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. भरतीरेषा तुम्ही टेपने मोजायची नाही. अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा नकाशा करून घ्यावा लागतो.

१,००० चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असलं तर भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा. अपवाद म्हणून संरक्षणासाठी अशा भागातून खांबांवरचा रस्ता नेता येतो, पण तोडलेल्या कांदळवनाच्या निदान तिप्पट लागवड करावी लागते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे सार्वजनिक कामासाठीही कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हे वेळापत्रकात धरलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

कुलाब्याची ‘आदर्श’ आठवत असेल. ती लष्करी इमारत नव्हती, सोसायटी होती, पण लष्कराच्या शेजारची जागा आणि माजी सैनिकांचं नाव यांमुळे ती आपल्या सगळ्यांना डाग लावून गेली. सीआरझेडची आवश्यक मंजुरीच घेतली नाही, या कारणासाठी जानेवारी २०११ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने ३१ मजल्यांची ती इमारत पाडण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढे पाडकामाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. एखाद्या खात्याचं पत्र म्हणजे मंजुरी नव्हे. पत्रावर ‘मंजुरी’ हा शब्द, कायद्याचं कलम आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची सही, हे तिन्ही आहे का ते वाचा.

अभयारण्याजवळ

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा त्यांच्या भोवतीचा संवेदनक्षेत्राचा पट्टा आला की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातो. वन कायद्यातली सूट इथे कामाला येत नाही.

अंदमानच्या नारकोंडम बेटाची गोष्ट या बाबतीत मुळातून समजून घ्यावी. सुमारे ७ चौरस किलोमीटरचं बेट, आणि नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथेच. तटरक्षक दलाला तिथे रडार आणि त्यासाठी डिझेल वीजसंच हवा होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी बेटावर जाऊन पाहणी केली आणि प्रतिकूल मत दिलं. २०१२ मध्ये जयंती नटराजन मंत्री असताना प्रस्ताव नाकारला गेला. २०१४ मध्ये प्रकाश जावडेकर मंत्री असताना त्याला मंजुरी मिळाली. जागा पाऊण हेक्टरचीही नव्हती. तरी प्रश्न मोठा होता, कारण तिथल्या पक्ष्याला दुसरं घरच नाही. क्षेत्र किती, यापेक्षा तिथे काय राहतं हे आधी विचारायचं असतं.

अर्ज

अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होतो. आठव्या नोंदीची कामं राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे सियाकडे जातात. छाननी तिची तज्ज्ञ समिती करते. सल्लागार नॅबेटची (अशा सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेलाच घ्या, आणि त्याने आणलेला अहवाल वाचा. दुसऱ्याच जिल्ह्यातल्या प्रकल्पाची पक्ष्यांची यादी जशीच्या तशी चिकटवलेली मी पाहिली आहे. हवा, पाणी, आवाज यांची नोंद पावसाळा सोडून एका ऋतूत घेतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये सल्लागार नेमलेला नसेल तर वर्ष गेलंच समजा.

पोर्टलला जागेची केएमएल फाईल, म्हणजे हद्दीचा डिजिटल नकाशा, लागते. ती चढवण्याआधी वरिष्ठ मुख्यालयाच्या सुरक्षा शाखेची लेखी परवानगी घ्या. कोणता आराखडा बाहेर जाणार, कोणता आतच राहणार, हे त्या पत्रात स्पष्ट हवं. सल्लागाराच्या लॅपटॉपवर ‘की लोकेशन प्लॅन’, म्हणजे ठाण्यातल्या इमारतींच्या जागा दाखवणारा नकाशा, जाता कामा नये. क्वार्टर्सच्या छाननीला क्षेत्र, पाणी, सांडपाणी, झाडं, राडारोडा एवढंच लागतं; कोणती युनिट राहणार हे समितीला सांगायची गरज नसते.

पूर्ण अर्जावर छाननीला ६० दिवस आणि प्राधिकरणाला निर्णयाला ४५ दिवस, असं अधिसूचना सांगते. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. तपशील कमी पडला की ईडीएस, म्हणजे राहिलेल्या तपशिलाची मागणी, येतो आणि घड्याळ थांबतं. बहुतेक ईडीएस पाण्यावरून येतात, म्हणून तो हिशेब आधीच करून ठेवा. २४० क्वार्टर्स, प्रत्येकी ५ माणसं, म्हणजे १,२००. माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला १,६२,००० लिटर. त्याच्या ८० टक्के सांडपाणी, म्हणजे साधारण १,३०,००० लिटर. एवढ्या क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र, शुद्ध झालेलं पाणी कुठे वापरणार, आणि पावसाळ्यात बागेला पाणी नको तेव्हा ते कुठे सोडणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार असलेला अधिकारी समितीपुढे अडखळत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती वेगळी घ्यावी लागते.

झाडांची परवानगी हद्दीप्रमाणे बदलते: कँटोन्मेंट, महापालिका की ग्रामीण. शहरी भागाला लागू असलेल्या राज्याच्या कायद्यात २०२१ पासून ५० वर्षांवरचं झाड वारसा-वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. जुन्या छावण्यांमधले वड, चिंच, रेन ट्री शंभरीचे असतात. क्वार्टरची रेषा दहा मीटर सरकवणं त्याहून कितीतरी सोपं, आणि त्या वडाखाली उद्या जवानांचीच मुलं खेळणार आहेत.

अंदाजपत्रकात पैसे

प्रशासकीय मंजुरीसाठी जाणाऱ्या ढोबळ अंदाजपत्रकातच सगळं धरा: शुद्धीकरण केंद्र, पर्जन्यजल साठवण, राडारोड्याची वाहतूक, भरपाई वनीकरण, वनाचं वर्तमान मूल्य, सल्लागाराची फी, झाडांची पाच वर्षांची निगा. नंतर आठवलेल्या गोष्टीसाठी सुधारित मंजुरी लागते, आणि ती येईपर्यंत जवानाचं कुटुंब भाड्याच्या खोलीत राहतं.

मंजुरीआधी काय चालतं, मंजुरीनंतर काय लागतं

मंजुरी हातात येण्याआधी जागा सुरक्षित करण्यापुरतं कुंपण आणि पहारेकऱ्याची तात्पुरती शेड चालते. सपाटीकरण, खोदकाम, झाडतोड चालत नाही. ‘काम सुरू करू, मंजुरी मागाहून घेऊ’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. कामानंतर मिळणाऱ्या मंजुऱ्या सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवल्या आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत दोनदा फिरलेल्या गोष्टीवर सरकारी प्रकल्पाचा पाया ठेवायचा नसतो.

मंजुरीची मुदत २०२२ च्या दुरुस्तीनंतर बांधकामांसाठी १० वर्षं आहे. दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. इथे एमईएसमध्ये एक अडचण येते: तुमची बदली होते. मंजुरीपत्राची प्रत, अटींचा तक्ता, लावलेल्या झाडांची क्रमांकवार यादी आणि शुद्धीकरण केंद्राचं लॉगबुक, या चार गोष्टी कार्यभार सोपवण्याच्या यादीत स्वतंत्र ओळींत लिहा आणि येणाऱ्याला जागेवर नेऊन दाखवा. इमारत वापरणाऱ्या युनिटच्या क्वार्टर मास्टरलाही त्याच दिवशी बोलवा, कारण केंद्राचा पंप चालू ठेवणारी माणसं त्याच्या हाताखाली असतात.